मनात धरलेला प्रश्न

सय्यद ताहांच्या दारात रोज चाळीसेक माणसं कौल घ्यायला येत, आणि त्या चाळिसांचा कौल आतून बाहेर आणायचं काम मिजबिलचं होतं. सय्यदांची आतली खोली आणि बाहेरची बैठक यांच्यामध्ये आठ पावलांचा बोळ होता. आधी परागंदा असताना इराणमधल्या कुममध्ये आणि इकडची राजवट पडल्यावर इथे नजफमध्ये, असा तीस वर्षं मिजबिल कुठल्या ना कुठल्या बोळातून सय्यदांचा शब्द वाहत आला होता.

या कौलाला इस्तिखारा म्हणतात. त्यात प्रश्न तोंडानं सांगायचा नसतो, मनात धरायचा असतो. ऑपरेशन करू का, मुलगी त्या घरात देऊ का, दुकान विकू का, जे असेल ते. आत सय्यद दरूद पुटपुटत, कुराण उघडत, उजव्या पानाच्या वरच्या ओळीवर नजर टाकत आणि एक शब्द बोलत. चांगलं, वाईट किंवा मध्यम. कुणी काय विचारलं ते सय्यदांना ठाऊक नसे आणि मिजबिललाही नसे. एकदा उत्तर मिळालं की तीच गोष्ट पुन्हा विचारायची सोय नव्हती.

सगळी गंमत त्या न विचारलेल्या प्रश्नातच होती. बगदादचे मंत्री येत, मनात काहीतरी धरत, ‘चांगलं’ ऐकत आणि संध्याकाळी टीव्हीवर सय्यदांचा आशीर्वाद मिळाल्याचं सांगत. सय्यद हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. त्यांचा मदरसा आणि दवाखाना इराणच्या मदतीवर उभा होता. त्यांच्या नावाचा झेंडा लावून फिरणाऱ्या हत्यारबंद तुकडीच्या गाड्यासुद्धा सीमेपलीकडूनच आल्या होत्या. ही तुकडी तुमची का, असं कुणी पत्रकारानं विचारलं तर सय्यद म्हणत, पोरं श्रद्धेनं नाव घेतात, मी कुणाकुणाचं तोंड धरू? मिजबिलला हे सगळं दिसत होतं. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविषयी मनातल्या मनातसुद्धा वाकडं बोलायची त्याची प्रवृत्ती नव्हती. बोलायची ती त्याची मुलगी.

शहला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा जन्म कुमचा, बालपण नजफचं. तिकडे शाळेत पोरं तिला अरब म्हणून चिडवत आणि इकडे आल्यावर इराणी म्हणून. त्या हिवाळ्यात सरकारविरुद्ध सगळा देश रस्त्यावर उतरला तेव्हा तीही चौकातल्या तंबूत जाऊन बसली आणि ‘इराण बाहेर’ म्हणून घसा फोडून ओरडू लागली. मिजबिलची बायको म्हणायची, हिला तिकडच्या मातीनंच दूध पाजलंय आणि आता तिच्यावरच उलटलीय. शहलाच्या तंबूत खमीर घातलेल्या पाण्याच्या बाटल्या रांगेनं लावलेल्या असत. अश्रुधुरानं डोळे चुरचुरणारी पोरं आली की ती ते पाणी त्यांच्या डोळ्यांत मारायची. तेरा दिवस ती घरी आली नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी मिजबिलनं बैठक उघडली तेव्हाच त्याच्या जिवाला चैन नव्हतं. त्यानं चहाच्या पेल्यात साखर दोनदा घातली आणि एका बाईला चुकीच्या नंबरची चिठ्ठी दिली. दहाच्या सुमाराला दारात मोठी गाडी थांबली आणि तुकडीचा प्रमुख हाजी गझवान आत आला. त्याच्याबरोबर आगा बहरामी होते, करड्या कोटातले, हळू बोलणारे, इराणहून महिन्यातून एकदा येणारे पाहुणे. त्यांचं नेमकं काम काय, हे कुणी विचारत नसे. सगळे उठून उभे राहिले. गझवाननं मात्र नेहमीसारखा गडगडाट केला नाही. त्यानं रांगेतली चिठ्ठी मागितली, भिंतीशी टेकून बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

मिजबिल चहा द्यायला बाहेर गाडीपाशी गेला तेव्हा ड्रायव्हरनं न विचारताच सगळं ओकून टाकलं. पिठाच्या गिरणीमागे अकरा गाड्या उभ्या आहेत, पोरांना दांडकीही दिली आहेत आणि बंदुकाही. दुपारच्या नमाजानंतर चौक साफ करायचा आहे, तंबूसकट. हाजी फक्त सय्यदांचा कौल घ्यायला थांबलेत. तुमचं कुणी आहे का हो तिथे, असंही त्यानं विचारलं. मिजबिल नाही म्हणाला आणि मग आपण नाही का म्हणालो याची त्याला लाज वाटली.

कोपऱ्यात जाऊन त्यानं शहलाला फोन लावला. मागे ढोल आणि घोषणा ऐकू येत होत्या. आईला बरं नाही, तासाभरासाठी घरी ये, असं त्यानं सांगून पाहिलं. ते पटलं नाही तेव्हा त्यानं सरळच सांगितलं की आज दुपारी तिथे राहू नकोस.

“कोण येतंय?” शहलानं विचारलं. “तुमच्या सय्यदांची पोरं?”

“कुणाची का असेनात. तू ऊठ तिथून.”

“इथे साठ जण पडलेत बाबा, कुणाचा डोळा गेलाय, कुणाचा पाय. त्यांनाही उठवू का? नाहीतर असं करा, सय्यदांनाच विचारा ना. शहलानं घरी यावं का? चांगलं, की वाईट?”

तिनं फोन ठेवला. ती रागानं बोलत नव्हती, थकून बोलत होती, आणि तेच मिजबिलला जास्त लागलं.

गझवानची पाळी आली. मिजबिल त्याचा नंबर घेऊन आत गेला. सय्यद ताहा गालिच्यावर बसले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघ्यावर शाल. समोर दह्यात भिजवलेली भाकरी तशीच होती. त्यांनी मान न उचलता पुस्तक हातात घेतलं, ओठ हलवले, पान उघडलं आणि चांगला डोळा ओळीजवळ नेला. मिजबिलनं तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. त्यानं मनातल्या मनात वाईट यावं म्हणून देवाला साकडं घातलं.

“चांगलं,” सय्यद म्हणाले. “फार चांगलं. त्याला सांग, उशीर करू नकोस.”

मिजबिल बोळात आला. आठ पावलांना कितीसा वेळ लागतो? पण त्या दिवशी तो चौथ्या पावलाला भिंतीला हात लावून उभा राहिला. कौल फिरवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. माणूस आपलं सगळं देवावर सोपवून बाहेर बसलेला असतो आणि मधल्यानंच शब्द बदलला तर त्या पापाला तोंड कुठे लपवायचं? पण शहला तंबूत होती. उशीर करू नकोस, असं सांगायला तो निघाला होता, आणि कशाला उशीर नको तर त्याच्या पोरीचा तंबू मोडायला. त्याचं डोकं एकदम थंड पडलं होतं. उरलेली चार पावलं तो चालला. बैठकीत जाऊन, गझवानच्या कानाशी वाकून, त्यानं सांगितलं.

“वाईट.”

गझवानचा चेहरा उतरला. मिजबिलनं तो उतरताना पाहिला आणि त्याच्या छातीवरचा धोंडा हलला. पापाचं ओझं होतं, पण ते पुढे केव्हातरी निस्तरता आलं असतं. पोर वाचली होती. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला पाणी दिलं. आगा बहरामी मात्र उठले, गझवानच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि गाडीकडे गेले. त्यांचा चेहरा उतरला नव्हता, हे मिजबिलच्या उशिरा ध्यानात आलं.

गझवान दारात बूट चढवत होता. एक बूट घालून झाला तरी दुसरा त्याच्या हातातच होता.

“अबू शहला,” मुलीच्या नावानं बापाला हाक मारत तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी मनात काय धरलं होतं सांगू? गाड्या परत नेऊ का, चौकातल्या पोरांना हात न लावता मागे फिरू का, हे मी विचारलं होतं. माझ्या बहिणीचा मुलगा आहे तिथे. आगांना मी सांगून ठेवलं होतं की सय्यद चांगलं म्हणाले तर माझ्याकडून हे काम होणार नाही, वर काय सांगायचं ते सांगा. त्यांनी मान्य केलं होतं. आता नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.”

त्यानं दुसरा बूट घातला. मिजबिलनं तोंड उघडलं. त्याच्या मागे बैठकीत बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे हातात चिठ्ठ्या घेऊन बसले होते आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. मी खोटं सांगितलं, हे तीन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचे होते. करावं की सोडावं, दोन्ही बाजूंनी माणसं कौल लावतात, हे त्यानं तीस वर्षांत हजारदा पाहिलं होतं आणि आजच, ऐन वेळी, त्याला ते सुचलं नव्हतं. तो शब्द जुळवेपर्यंत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मग तो धावत आत गेला. परवानगी न घेता सय्यदांच्या पुढ्यात बसला आणि आपण कौल फिरवला हे एका दमात सांगून मोकळा झाला. सय्यदांनी पुस्तक कपड्यात गुंडाळलं, गाठ मारली आणि बाजूला ठेवलं.

“याआधी किती वेळा केलंस?”

“कधीच नाही सय्यदना. अल्लाची शपथ, आज पहिल्यांदा.”

“हे तू मला सांगतोस. लोकांना कोण सांगणार?” सय्यदांचा आवाज चढला नाही. “वाईट आलं म्हणून बसऱ्याच्या एका बाईनं नवऱ्याचं ऑपरेशन केलं नाही, तो गेला. कुणी पोरी दिल्या, कुणी घरं विकली. बगदादमध्ये तीन जण माझ्या शब्दावर खुर्चीत बसलेत. उद्या प्रत्येक जण येऊन विचारेल, आमचा शब्द खरा होता की तुमच्या मिजबिलनं फिरवलेला? मग हे घर राहील का?”

“घराचं नंतर बघू. तुम्ही गझवानला एक फोन करा. तो वाट बघतोय, त्याला नकोच आहे हे. मागे फिर, एवढंच म्हणा.”

“असं मी कुणाला कधी म्हटलंय का? मला कुणी प्रश्न सांगत नाही, म्हणून तर मी आजवर टिकलो. आगांच्या लोकांनी इतकी वर्षं आपल्याला छप्पर दिलं, तू विसरलास?”

“मग आता मी सांगतो प्रश्न,” मिजबिल म्हणाला. “प्रश्न असा होता, की—”

सय्यद ताहांनी दोन्ही हात उचलले आणि खरोखरच कानांवर ठेवले. ऐंशी वर्षांचा तो माणूस कानांवर हात धरून, डोळे मिटून बसला. ज्या माणसासाठी मिजबिलनं गाव सोडलं, देश सोडला, म्हाताऱ्या आईला शेवटचं पाहिलंही नाही, त्याची मिजबिलला त्या क्षणी किळस आली. तो उठला आणि चपलाही न घालता रस्त्यावर आला.

एक टुकटुकवाला त्याला ओळखत होता. सय्यदांच्या घरचा माणूस अनवाणी का, असं त्यानं विचारलं आणि उत्तर न मिळताच गाडी दामटली. गिरणीमागे नमाज आटोपला होता आणि माणसं गाड्यांमध्ये चढत होती. मिजबिल सरळ गझवानसमोर जाऊन उभा राहिला. आता ऐकणारे पन्नास होते, शिवाय बहरामी होते, पण त्याला कशाचीच पर्वा उरली नव्हती. सय्यद चांगलं म्हणाले होते, फार चांगलं म्हणाले होते, उशीर करू नकोस असं सांगायला सांगितलं होतं, आणि मी ते फिरवलं, असं तो मोठ्यानं म्हणाला. का फिरवलं तेही त्यानं सांगितलं.

पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. गझवाननं त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि त्याचा आपल्यावर विश्वास बसला आहे हे मिजबिलला दिसलं. त्याच्या डोळ्यांत चक्क आशा आली होती.

बहरामींनी मिजबिलशी फारसीत बोलायला सुरुवात केली, अगदी मायेनं. तुम्ही बाप आहात, ते म्हणाले. बापानं पोरीसाठी खोटं बोलणं समजू शकतं. फक्त तुम्ही सकाळी खोटं बोललात की आता बोलताय, एवढंच आम्हाला कळायला हवं.

“सय्यदांनाच विचारा,” मिजबिल म्हणाला.

गझवाननं तिथेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग सय्यदांचा तो ओळखीचा, खाकरलेला आवाज आला. गझवाननं आदरानं सलाम केला आणि म्हणाला, सय्यदना, सकाळचं माझं उत्तर तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचंय, बाकी काही नको. पलीकडे शांतता पसरली. मिजबिलला त्या शांततेतला गालिचा दिसत होता, शाल दिसत होती, कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक दिसत होतं. एक शब्द, तो मनात म्हणत होता, तुमचाच शब्द आहे, परत घ्या.

“वाईट,” सय्यद म्हणाले, आणि फोन बंद झाला.

गझवानच्या डोळ्यांत जे काही आलं होतं ते विझलं. सय्यद खोटं बोलले हे त्याला कळलं असावं, पण ते पन्नास जणांनी ऐकलं होतं आणि बहरामी त्याच्याकडे बघत होते. त्यानं हात वर केला. इंजिनं सुरू झाली.

मिजबिल कुणाशी न भांडता रस्त्याच्या मधोमध गेला आणि चौकाच्या दिशेनं चालू लागला. चौक तिथून अर्ध्या मैलावर होता. पहिली गाडी त्याच्या मागे येऊन अडली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा आतून गझवानचा आवाज आला, वाजवू नको, चालू दे त्याला. दोन पोरं त्याला उचलायला खाली उतरली होती, त्यांनाही गझवाननं परत बोलावलं. म्हणून मग अकरा गाड्या एका अनवाणी म्हाताऱ्याच्या चालीनं चालल्या. मिजबिल मुद्दाम हळू चालत होता. जितका वेळ आपण चालू तितका वेळ तिला तिथून निघायला मिळेल, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात होता. मध्येच तो फोन लावायचा आणि ती उचलायची नाही. पायाला खडे टोचत होते, रक्त येत होतं, आणि तरी रस्ता भराभर संपत होता. दुकानदार शटर ओढून घेत होते. एकानं त्याला सलाम केला, मग मागच्या गाड्या पाहिल्या आणि हात खाली घेतला.

वळण संपलं आणि चौक समोर आला. ढोल थांबले. टायरांच्या ढिगामागे पोरं उठून उभी राहिली, आणि त्यांच्यातून वाट काढत शहला पुढे आली. अंगात मळका पांढरा कोट, हातात ती खमिराच्या पाण्याची बाटली. सकाळच्या फोननंतर निघून जायला तिला पुरेसा वेळ मिळाला होता आणि ती गेली नव्हती. तिच्या मागच्या तंबूत माणसं आडवी पडलेली मिजबिलला इथूनही दिसत होती.

ती बघत होती. सय्यदांच्या दारचा माणूस सगळ्यांत पुढे, आणि त्याच्या मागे सय्यदांच्या झेंड्याच्या अकरा गाड्या, त्याच्या पावलाबरोबर चालणाऱ्या. ते दृश्य तिला कसं दिसत असेल, हे मिजबिलला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. समजावून सांगायला फार मोठी गोष्ट होती. तेवढा वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी गोष्टीचा शेवट बदलणार नव्हता.

तो तिच्यापाशी पोचला. मागे गाड्यांची दारं उघडत होती.

“बाबा,” तिनं विचारलं, “तुम्ही आणलंत यांना?”

“हो,” मिजबिल म्हणाला, आणि वळून तिच्या पुढ्यात उभा राहिला.